देणारीला काय म्हणतात

शब्दकोशाचं काम 'द'पर्यंत आलं तेव्हा कोशबाईला वाटलं, आता पंधरा दिवस आजारी पडता आलं तर किती बरं होईल. अठरा वर्षांच्या नोकरीत असा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

कोशबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ऑफिसात, शेजारात, अगदी नवऱ्याच्या दुकानातही सगळे तिला याच नावानं हाक मारत, आणि तीही ओ देई. वय एक्केचाळीस, बारीक चण, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलता बोलता मध्येच कुठंतरी निघून जायची सवय. माणूस समोर बसलेलं असायचं, डोळे उघडे असायचे, पण स्वारी गेलेली. तिची आई म्हणायची, हिला हाक मारली की ही आधी परत येते आणि मग उत्तर देते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. पूर्वी तिथं सुताच्या रिळांचं गोदाम होतं, त्यामुळे खिडक्या उंच आणि भिंतींना फळ्याच फळ्या. फळ्यांवर आता लाकडी खण होते, खणांत कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर एक शब्द. दुपारी दोननंतर ऊन आत येऊन खणांवरून सरकू लागलं की सगळी खोली संथ पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. पाच माणसं काम करत आणि पाचही जण हळू बोलत. चाळीस वर्षांपूर्वी निघालेल्या कोशाची ही दुसरी आवृत्ती होती. ज्याच्या वाट्याला जो खण येईल त्यानं त्यातला शब्द न् शब्द तपासायचा, जुना अर्थ पुरतो का बघायचा, नवा लागला तर लिहायचा. कोशबाईकडे 'दगड' ते 'दप्तर' आले होते. त्या दोघांच्या मधे 'दत्तक' बसला होता.

ती आजारी पडायला का बघत होती ते ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं तीन वर्षांपूर्वी एका संस्थेत नाव घातलं होतं, आणि गेल्या महिन्यात तिथून पत्र आलं होतं. साडेचार वर्षांची मुलगी. दोघं दोनदा जाऊन तिला भेटून आले. मुलगी बाकावर बसून पाय हलवत होती. तिनं दोघांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खिशातल्या चष्म्याच्या घराकडे पाहिलं आणि हात पुढे केला. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, त्याच्या खिशात एखादं घर असायचंच. अर्धा तास ती ते उघडत होती आणि टप्पकन मिटत होती. दोन महिन्यांत कागदपत्रं पुरी होतील, असं संस्थेनं सांगितलं. परत येताना नवरा शीळ घालत होता आणि कोशबाईला भीती वाटत होती. कसली ते तिला सांगता येईना. शब्दांवर पोट असलेल्या बाईला ऐन वेळी शब्द सापडेना.

जुन्या कार्डावर एकच ओळ होती : 'दुसऱ्याचे असून आपले म्हणून घेतलेले (मूल).' शाई फिकी झाली होती.

कोशबाईची कामाची रीत अशी, की आधी शब्दाचे सगळे सगेसोयरे एका कागदावर जमवायचे. तिनं लिहायला सुरुवात केली. पदरात घेणे. मांडीवर घेणे. ओटीत घेणे. पोटाशी धरणे. आपलंसं करणे. मानलेला, मानलेली. अंगीकार. स्वीकार. मग लोक झाडं दत्तक घेतात, शाळा दत्तक घेतात, रस्त्यावरचं मांजर दत्तक घेतात, तेही लिहिलं. लिहिता लिहिता तिचा डोळा लागला म्हणा किंवा ती नेहमीसारखी निघून गेली म्हणा, तिला दिसलं की हे सगळे शब्द संस्थेच्या व्हरांड्यात एका लांब बाकावर ओळीनं बसलेत. 'अंगीकार' जरा ताठ बसला होता, नवे बूट घातलेल्या माणसासारखा. 'पोटाशी धरणे' पेंगत होतं. आणि सगळ्यांचे हात पुढे पसरलेले होते, काहीतरी घ्यायला. देणारं मात्र तिथं कुणीच नव्हतं. तिनं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बघायचा प्रयत्न केला, पण तिकडे नुसता उजेड होता.

कार्डांचा गठ्ठा कुणीतरी टेबलावर ठेवला, त्या आवाजानं ती परत आली.

वाचकांची पत्रं एका पेटीत असत, आणि आपल्या खणातल्या शब्दाबद्दल कुणी काही लिहिलंय का ते बघायचा नियम होता. बहुतेक पत्रं तक्रारीची. आमच्या आजोबांचा अमुक शब्द तुम्ही गाळलात, तमुक ऱ्हस्व हवा होता. 'दत्तक'खाली एकच पत्र निघालं, पाच महिन्यांपूर्वीचं. अक्षर मोठं आणि अगदी सरळ रेषेत. त्यात लिहिलं होतं :

'आपल्या कोशात दत्तक या शब्दाचा अर्थ पाहिला. तो घेणाऱ्यांचा आहे. मी देणारी आहे. आमच्यासारखीला काय म्हणतात ते कोशात कुठे मिळाले नाही. सवड असल्यास कळवावे.'

खाली नाव नव्हतं, नुसतं 'काकू' असं लिहिलं होतं, आणि पत्ता.

कोशबाईनं ते पत्र दोन दिवस पर्समध्ये बाळगलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पत्ता शोधत निघाली.

ते घर पृथ्वीगोल बनवणाऱ्यांचं निघालं. खाली कारखाना, वर राहायची खोल्या-खोल्यांची जागा. कारखाना म्हणजे एक लांबोळकी खोली, छतापासून तारा सोडलेल्या आणि प्रत्येक तारेला एकेक गोल सुकत टांगलेला. काही नुसते पांढरे होते, काहींवर अर्धाच समुद्र चिकटवलेला. खिडकीतून वारा आला की ते सगळे मिळून थोडे थोडे फिरायचे, आणि खाली फरशीवर त्यांच्या सावल्या फिरायच्या. खळीचा ओलसर वास होता. खिडकीपाशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई उंच स्टुलावर बसल्या होत्या, आणि होडीच्या आकाराच्या कागदाच्या पट्टीला ब्रशनं खळ लावून ती गोलावर बोटानं दाबत होत्या. पट्टीच्या टोकाशी सुरकुती पडू न देणं हीच खरी कला, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र कोशबाईनं शब्दकोशाचं नाव काढताच त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शब्द मिळाला?"

नाही मिळाला, म्हणून तर आले, असं कोशबाई म्हणाली. काकूंनी हात धुतले आणि दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

त्यांची गोष्ट लांबलचक नव्हती, पण त्यांनी ती तीन शुक्रवारांत मिळून सांगितली, कारण मधेच त्या थांबून एखादी पट्टी चिकटवत आणि मग विसरल्यासारखं करत.

या घरात दोघे भाऊ होते आणि दोघी जावा. भाऊ गोल बनवत, जावा पट्ट्या चिकटवत. थोरलीला मूल झालं नाही. काकू धाकट्या. त्यांना एक मुलगी होती, आणि चार वर्षांनी दुसरी झाली. थोरल्या जाऊबाई काही बोलत नसत. कुणाच्या बाळाकडे टक लावून बघणं, हळहळणं, असलं काही त्यांच्यात नव्हतं. उलट त्या घरभर हसत वावरायच्या आणि सगळ्यांवर डाफरायच्या. पण एका दुपारी काकू वर गेल्या, तर सात आठवड्यांची ती धाकटी जाऊबाईंच्या मांडीवर झोपली होती आणि जाऊबाई श्वाससुद्धा हळू घेत होत्या, ती जागी होऊ नये म्हणून. पाय आखडला होता. चेहऱ्यावरून दिसत होतं की दुखतोय. तरी हलत नव्हत्या.

"मी तिथं दारातच उभी राहिले," काकू म्हणाल्या. "आणि मला कळलं, ही पोर त्यांची आहे. त्यांनी मागितली नाही हो. कुणीच मागितली नाही. मी दिली."

नवरा आधी बिथरला, मग भावाच्या तोंडाकडे बघून गप्प झाला. एकाच घरात राहायचं, एकाच जिन्यानं वर-खाली करायचं, त्यामुळे मुलगी काही लांब जाणार नव्हती. फक्त नाती बदलणार होती. जाऊबाई आई झाल्या, आणि काकू काकू झाल्या. दूध मात्र काकूच पाजायच्या, वर्षभर. दूध पाजताना त्या बाळाशी बोलत नसत. बोललं तर तोंडून भलतंच काहीतरी निघेल अशी भीती वाटायची.

या मुलीला घरात मनी म्हणत. आता ती पन्नाशीला आलेली दातांची डॉक्टर होती, आणि गल्लीच्या टोकाला तिचा दवाखाना होता. तिला मोठी झाल्यावर सांगायचं असं दोघी जावांचं ठरलं होतं. अठरा वर्षांची झाली की सांगू. शिक्षण पुरं झालं की सांगू. लग्न होऊ दे. पहिलं बाळंतपण नीट पार पडू दे. असं करता करता दोन वर्षांपूर्वी जाऊबाई गेल्या, आणि सांगायचं काम एकट्या काकूंवर येऊन पडलं. पण सुरुवात कुठून करायची? 'मी तुझी' असं म्हणून त्यांना पुढचा शब्द सुचेना. म्हणून त्यांनी मनीच्या दवाखान्यातल्या कपाटातला शब्दकोश मागून आणला. मनीनं विचारलं कशाला, तर म्हणाल्या, शब्दकोडं सोडवायचंय.

कोशबाई कागद-पेन्सिल घेऊन आली होती. ती एकेक शब्द पुढे ठेवी आणि काकू तो परत करत, बाजारात भाजी निवडावी तसं.

'दात्री' म्हटलं, तर काकू म्हणाल्या, दान केल्यासारखं वाटतं. दान म्हणजे पुण्य आलं. मला पुण्यबिण्य काही नको होतं.

'जन्मदात्री' म्हटलं, तर म्हणाल्या, जन्म काय, सगळ्याच आया देतात. त्याच्यापुढे जे दिलं त्याचं विचारते मी.

'त्यागमूर्ती' हा शब्द कोशबाईनं नुसता उच्चारला आणि दोघीही हसायला लागल्या. काकू म्हणाल्या, चौकात पुतळा उभारल्यासारखं वाटतं, वर कबुतरं बसलेली.

तिसऱ्या शुक्रवारी हसणं ओसरल्यावर कोशबाईनं, ऑफिसात जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते काकूंना सांगून टाकलं. आम्ही घेतोय, साडेचार वर्षांची आहे. काकूंचा ब्रश थांबला. आता या आशीर्वाद देतील किंवा डोळ्याला पदर लावतील असं कोशबाईला वाटलं. काकूंनी वेगळंच विचारलं.

"झोपते कशी ती? कुशीवर की पालथी?"

कोशबाईला माहीत नव्हतं.

"उचकी लागली की पाणी देतात की पाठीवर हात फिरवतात? वाटीतलं सगळं संपवते की शेवटचा घास ठेवते? कुठल्या आवाजाला दचकते?"

यातलं एकही कोशबाईला माहीत नव्हतं. मुलीचं वजन, उंची आणि टोचून घेतलेल्या लशी, एवढं मात्र कागदावर होतं.

"मग विचारून घ्या," काकू म्हणाल्या. "तिथं तिला आंघोळ घालणारी कुणी बाई असेल ना, तिला विचारा. देणाऱ्याला या गोष्टी माहीत असतात, आणि कुणी विचारलं नाही तर त्या त्याच्यापाशीच राहून जातात. मी जाऊबाईंना सगळं सांगायला तीन महिने घेतले. उचलून हातात ठेवली म्हणजे दिली, असं नसतं."

कोशबाईनं ते सगळं कागदावर लिहून घेतलं, शब्दाचे अर्थ लिहून घ्यावेत तसं. घरी जाताना रस्ता तिला नेहमीपेक्षा लांब आणि मऊ वाटला. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती एक वळण पुढे गेली आणि परत फिरली. भीती जागच्या जागीच होती, पण आता तिला नाव होतं. ती नुसती घ्यायला निघाली होती, आणि समोर देणारं कुणीतरी आहे हे तिनं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच संस्थेत गेली. मुलांना सांभाळणारी एक मध्यमवयीन बाई होती, सगळी मुलं तिला मावशी म्हणत. कोशबाईनं विचारलं, ती झोपते कशी? मावशीनं हातातले टॉवेल बाजूला ठेवले. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणाली, आणि मग तासभर बोलत राहिली. उजव्या कुशीवर झोपते. तोंडावर पांघरूण चालत नाही. झोपेत दातांनी करकर आवाज करते, घाबरू नका. साबणाला भिते, पण फेसाला नाही. बोलता बोलता मावशी एकदा उठून खिडकीपाशी गेली, काही नव्हतं तरी पडदा सारखा केला आणि परत येऊन बसली.

चौथ्या शुक्रवारी कोशबाई काकूंकडे कार्ड घेऊन गेली. कच्चा मजकूर तयार होता. तो टेबलावर ठेवून दोघी मागच्या मोरीत ब्रश धुवायला गेल्या, कारण त्या दिवशी एका शाळेचा मोठा गोल पुरा करायचा होता आणि कोशबाईलाही आता थोडं काम जमू लागलं होतं. परत आल्या तर टेबलापाशी मनी उभी. दुपारचे रुग्ण लवकर आटोपले म्हणून ती डोकावायला आली होती. अंगात पांढरा कोट, गळ्यात मास्क लोंबतोय, आणि हातात कार्ड. कार्डावर पहिलीच ओळ होती : 'दत्तक देणे : आपले मूल दुसऱ्याच्या पदरात घालणे.' आणि समासात कोशबाईनं आपल्यापुरती पेन्सिलनं टीप केली होती : 'काकूंना विचारणे.'

काकू दारातच थांबल्या. ब्रशमधून पाणी ठिबकत होतं.

मनीनं कार्ड खाली ठेवलं. ती शांत होती. दात उपटायच्या आधी माणसाला धीर देतात तशा आवाजात ती म्हणाली, "काकू, मला माहितेय."

काकूंनी विचारलं, काय माहितेय.

"मी तुझी आहे ते. अकरा वर्षांची असल्यापासून माहितेय."

मग तिनं सांगितलं. थोरल्या बहिणीशी कंगव्यावरून भांडण झालं होतं. बहिणीनं रागाच्या भरात, तू आमचीच आहेस, तुला मोठ्या काकांकडे देऊन टाकलंय, असं सुनावलं. मनी जिना चढून वर गेली आणि आईला, म्हणजे थोरल्या जाऊबाईंना, सरळ विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. हो म्हणाल्या. तू दोघींची आहेस, म्हणाल्या. पण तुला कळलंय हे काकूला कळू देऊ नकोस, ती मग तुला जवळ घ्यायला बिचकेल. मनीनं शब्द दिला आणि पाळला. आई गेल्यावर तो शब्द मोडावा की नाही हे तिला कळत नव्हतं. काकूंनी शब्दकोश मागून नेला आणि 'द'च्या पानात खूण ठेवूनच परत पाठवला, तेव्हाच तिला अंदाज आला होता. पण काकूंनी आपण होऊन बोलावं म्हणून ती थांबली होती.

कोशबाईला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दार काकूंनी अडवलं होतं. वरचे गोल हळूहळू फिरत होते. कोशबाईला असं वाटलं की खोली जमिनीपासून थोडी वर उचलली गेलीय, आणि सगळ्यांनी जपून उभं राहायला हवं.

मग काकू चिडल्या. रडतील असं दोघींना वाटत होतं, पण त्या चक्क चिडल्या.

"अडतीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं तुम्ही दोघींनी मला काही कळू दिलं नाही? आणि मी इथं म्हातारपणी शब्दकोश उघडून बसलेय!"

मनी म्हणाली, तुम्ही दोघींनीही मला सांगितलं नव्हतंच की. काकू स्टुलावर बसल्या. ब्रश कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना, तेव्हा मनीनं तो हातातून काढून घेतला.

"मग कळल्यावरही काकूच का म्हणत राहिलीस?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

मनीनं जरा विचार केला. "अगं, मला दुसरं काही म्हणावंसं वाटलंच नाही. आई म्हणजे आई, आणि काकू म्हणजे तू. शाळेत बाकीच्या मुली त्यांच्या काकूंबद्दल बोलायच्या तेव्हा मला आश्चर्य वाटायचं, की यांच्या काकू इतक्या साध्या कशा? माझ्या लेखी काकू या शब्दाचा अर्थच तो होता."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग कोशबाईकडे पाहिलं, ऐकलंत ना असं विचारल्यासारखं. मग त्या चहा करायला उठल्या, त्यात साखर दोनदा पडली, आणि तिघींनी तो पाक निमूटपणे पिऊन टाकला.

कोशाचे मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते ओळींच्या बाबतीत फार कडक होते. दत्तकाला तीन ओळी मिळतील, असं त्यांनी सांगितलं. कोशबाईनं सहा लिहिल्या होत्या. अठरा वर्षांत ती सरांशी कधी वाद घालायला गेली नव्हती. त्या दिवशी कार्ड घेऊन गेली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, हा शब्द तीन क्रियापदांबरोबर येतो. दत्तक देणं, दत्तक घेणं आणि दत्तक जाणं. माणसंही तीन असतात. आपण चाळीस वर्षं एकाच माणसाला विचारून अर्थ छापला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्दाची मूळ फोडच 'दिलेला' अशी आहे, हे खरंय, असं ते पुटपुटले, आणि देणं पहिल्या क्रमांकावर घेऊ द्यायला तयार झाले. तिसऱ्या अर्थापाशी मात्र त्यांची पेन्सिल अडली. तिथं कोशबाईनं लिहिलं होतं : 'दत्तक जाणे : (मुलाने) एका घरातून दुसऱ्या घरी जाणे, पहिले घर सुटतेच असे नाही.'

कोशात मत द्यायचं नसतं, असं सर म्हणाले. हे मत नाही, अर्थ आहे, असं कोशबाई म्हणाली. शेवटी सौदा झाला. 'असे नाही' राहिलं, आणि 'मांजर दत्तक घेणे' गेलं.

मुलगी घरी आली तेव्हा कागदपत्रांच्या दोन महिन्यांचे तीन झाले होते. निघताना मावशीनं तिच्या पिशवीत एक जुना टॉवेल घातला, आणि हा धुवू नका लगेच, एवढंच सांगितलं. पहिले काही दिवस मुलगी घरात पाहुण्यासारखी वागली. विचारल्याशिवाय खुर्चीवर बसायची नाही. आपल्या दोघांना ती काय म्हणून हाक मारेल याचा कोशबाईला घोर लागला होता, पण मुलीनं तो प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला. घरात कोशबाई नवऱ्याला 'अहो' म्हणे, नवराही तिला गमतीनं 'अहो' म्हणे, तेव्हा या घरातल्या माणसांचं नावच 'अहो' असणार, असं तिनं धरलं. ती दोघांनाही 'अहो' म्हणू लागली. अहो, पाणी. अहो, माझा मोजा. एकदा मधल्या खोलीतून तिनं हाक मारली आणि दोघंही धावत गेले, तर ती म्हणाली, दुसरं अहो. नवरा इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. कोशबाईही हसली, आणि काकूंना हे कधी सांगेन असं तिला झालं.

कोश छापून आला तेव्हा तिनं एक प्रत काकूंकडे नेली. मुलगीही बरोबर होती. काकूंनी भिंग घेऊन नोंद दोनदा वाचली. मजकूर बरा आहे, म्हणाल्या. कोशबाईनं कबूल केलं की देणारीला म्हणायचा वेगळा शब्द तिला शेवटपर्यंत सापडला नाही.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "मला आता लागत नाही."

त्या दिवशी एका शाळेत मोठा गोल पोचवायचा होता. गाडीत तो मावेना, म्हणून मनी आणि काकूंनी तो दोन बाजूंनी धरून पायीच न्यायचं ठरवलं. कोशबाईनं गोलाची लाकडी बैठक घेतली. मुलीला काहीतरी धरायचंच होतं, म्हणून तिला खळीच्या डब्याचं झाकण दिलं. उन्हं कलली होती. फुटपाथवरची माणसं निळा गोल येताना बघून आपोआप बाजूला होत होती, आणि सायकलवाले उतरून थांबत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं काकूंना विचारलं, ही छोटी कुणाची हो? काकू धापा टाकत होत्या, त्यांनी हनुवटीनंच कोशबाईकडे दाखवलं. मुलीनं मात्र दुकानदाराला झाकण वर करून दाखवलं आणि हे माझ्याकडे दिलंय, असं सांगितलं. मग ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली. शाळेचा रस्ता तिला माहीत नव्हता, पण मागून मनी 'डावीकडे' म्हणाली की ती डावीकडे वळत होती.